ई-इंक रीडर की टॅबलेट? सांगलीतल्या एका घरासाठी

वडिलांना मराठी कादंबऱ्या आणि मला एमपीएससीच्या पीडीएफ, दोघांत एकच यंत्र चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार, आणि अडचण पीडीएफची आहे. ए-4 पान 21 सेंटिमीटर रुंद, 6 इंची ई-इंक पडदा (कागदावरच्या शाईसारखा दिसणारा) जेमतेम 9. अक्षर निम्म्याहून लहान होतं आणि स्कॅन केलेल्या पानात रफार, अनुस्वार आधी हरवतात. झूम करत गेलात तर पडदा रेंगाळतो, मागच्या मजकुराची सावली राहते. कारण काळे-पांढरे कण प्रत्यक्ष सरकावे लागतात. तुम्ही 10-11 इंची टॅबलेटच घ्या.

वडिलांसाठी मात्र ई-इंकच. कृष्णेच्या घाटावर भर उन्हातही अक्षर कागदावरच्यासारखं दिसतं. टॅबलेटच्या काचेत तिथे आपलाच चेहरा दिसेल. 300 पीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) आणि रात्रीसाठी पिवळसर करता येणारा उजेड, एवढं बघून घ्या. पुस्तकं पीडीएफ नकोत, ईपबसारख्या पुस्तकांच्या फाइल हवीत; त्यांत अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि ओळी पडद्यानुसार बसतात.

पैसे देण्याआधी त्यावर एखादं मराठी पुस्तक उघडून 'क्लृप्ती', 'वाऱ्यावर' असे शब्द शोधा. जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसली, तर ते यंत्र नकोच.