मैतेई लोकांमध्ये ख्रिस्ती धर्म खरंच झपाट्याने वाढतोय का?

वाढतोय, पण झपाट्याने नाही. नोकरीमुळे मी इंफाळला तीन वर्षं काढली, तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो.

2011च्या जनगणनेत मणिपूरमध्ये हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही 41 टक्क्यांच्या वर आहेत. गैरसमज इथूनच होतो. हे ख्रिस्ती बहुतेक डोंगरातले नागा आणि कुकी. खोऱ्यातले मैतेई प्रामुख्याने वैष्णव, नाहीतर सनामही या घरच्या देवाला मानणारा आपला जुना धर्म पाळणारे.

खरं तर विल्यम पेटिग्रू हे मिशनरी 1894मध्ये इंफाळला आले ते मैतेईंसाठीच. पण इंग्रजांशी झालेल्या युद्धाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. हिंदू प्रजा बिथरेल या भीतीने इंग्रज अधिकाऱ्यांनीच त्यांना खोऱ्यात प्रचार करू दिला नाही. ते उखरुलला तांगखुल नागांकडे गेले आणि ख्रिस्ती धर्म डोंगरात रुजला.

पुढे ब्रह्मसभा, म्हणजे राजाच्या आश्रयाखालची ब्राह्मणांची सभा, लोकांना ‘मांगबा’, म्हणजे विटाळलेले ठरवून वाळीत टाकू लागली. शुद्ध करून घ्यायलाही पैसे पडत. त्यातून वैष्णव धर्मावर राग धरलेले बरेच जण पुन्हा सनामहीकडे वळले, चर्चकडे त्या मानाने थोडेच. माझ्या मते, संख्या कमी राहण्याचं मोठं कारण हेच.

माझा एक सहकारी मैतेई ख्रिस्ती होता. दारात तुळस, घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सनामहीची जागा, तिथे रोज दिवा लावणारी आई. वडिलांच्या श्राद्धाला मांडवात संकीर्तन चालू होतं, पुंग, म्हणजे तिथला मृदंग, घुमत होता. विधीला धाकटा भाऊ बसला. हा थोरला असून मागे पाहुण्यांना पानसुपारी देत उभा. आईने सबंध दिवसात त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. धर्म बदलण्याची किंमत तिथे अशी घरातच मोजावी लागते.

मे 2023मध्ये मैतेई आणि कुकींमध्ये उसळलेल्या हिंसाचारात तर मैतेई ख्रिस्त्यांची दोन्हीकडून कोंडी झाली. कुकींच्या लेखी हे मैतेई, आणि स्वतःच्या समाजातल्या काहींना यांचा देव डोंगरातल्यांचा वाटतो. 36 तासांत मैतेई ख्रिस्त्यांची 249 चर्च उद्ध्वस्त झाली, असं इंफाळचे तेव्हाचे आर्चबिशप डॉमिनिक लुमोन यांनी जाहीरपणे सांगितलं. सहकाऱ्याचं चर्चही गेलं. नंतर फोनवर म्हणाला, आता रविवारी दार लावून घरातच प्रार्थना करतो, आणि आई शेजारी येऊन बसते.