हरिकेन, टायफून, चक्रीवादळ: एकच की वेगवेगळी?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या किनाऱ्यावर धडकतं ते 'हरिकेन', जपान-फिलिपिन्सकडचं 'टायफून' आणि हिंदी महासागरातलं 'चक्रीवादळ' ही वेगवेगळी वादळं आहेत का? आणि मराठीत हरिकेनला सरळ चक्रीवादळ म्हटलेलं चालतं का?

वादळ एकच, समुद्र बदलला की नाव बदलतं. उत्तर अटलांटिकमध्ये आणि आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पूर्वेकडच्या उत्तर पॅसिफिकमध्ये ते हरिकेन. वाररेषेच्या पश्चिमेला टायफून. हिंदी महासागरात आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये सायक्लोन. १९९४ साली 'जॉन' नावाचं हरिकेन वाररेषा ओलांडून पलीकडे गेलं, तेव्हा त्याचं टायफून झालं. परत अलीकडे आलं आणि पुन्हा हरिकेन झालं. नाव बदललं ते केवळ नकाशावरची रेघ ओलांडल्यामुळे.

घडण्याची रीत सगळीकडे तीच. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम लागतं, तेही वरवर नव्हे, सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत. वादळी वारे पाणी घुसळून काढतात. खाली लगेच थंड पाणी असेल तर तेच वर येतं आणि वादळाचं इंधन तुटतं. गरम पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते. खाली दाब घटतो आणि भोवतालची दमट हवा आत ओढली जाते. आधी ढगांचा एखादा विस्कळीत समूह मात्र हवा. अटलांटिकमध्ये तो बहुतेकदा आफ्रिकेवरून पश्चिमेला सरकणाऱ्या लहरींतून मिळतो. शिवाय खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांत फार तफावत नको, नाहीतर ढगांचा उभा डोलारा कलतो आणि वादळ जमतच नाही. ऐन मोसमी पावसात हिंदी महासागराच्या उत्तर भागात मोठी चक्रीवादळं क्वचित होतात, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जास्त, त्याचं मुख्य कारण हेच.

आता 'चक्री'कडे येऊ. आत धावणारा वारा सरळ केंद्रात न जाता वळतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे. उत्तर गोलार्धात हे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, दक्षिणेत काट्यांच्या दिशेने. विषुववृत्तावर हा वळवणारा परिणाम शून्य असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पाच अंशांत ही वादळं जवळजवळ जन्मतच नाहीत. २००१ मध्ये सिंगापूरजवळ दीड अंशाच्याही आत जन्मलेलं 'वामेई' हा गाजलेला अपवाद. दक्षिण अटलांटिकही असाच जवळपास कोरा, कारण तिथे पाणी पुरेसं गरम नाही आणि वरचे वारे प्रतिकूल. तरी मार्च २००४ मध्ये ब्राझीलवर 'कातारिना' आदळलंच. (हे आणि २००५ चं अमेरिकेतलं 'कॅट्रिना' यांची गल्लत करू नये.)

शब्दांचं मूळ पाहिलं तर हरिकेन कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेला आहे. 'सायक्लोन' मात्र बराच नवा: १८४० च्या दशकात कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी तो घडवला, सापाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून. 'चक्रीवादळ' त्या अर्थाच्या अगदी जवळ जातो. भूगोलाच्या पुस्तकांतला 'आवर्त' त्याहून व्यापक आहे. त्यात थंड प्रदेशांतली वादळंही बसतात.

तेव्हा हरिकेनला चक्रीवादळ म्हणणं बरोबर. उलट दिशेने मात्र सांभाळावं लागतं. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत वारे ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर झाले की चक्रीवादळ म्हणतात. हरिकेन व्हायला ६४ नॉट लागतात, ताशी सुमारे ११९ किलोमीटर. म्हणजे आपल्या भाषेत 'अतितीव्र चक्रीवादळ'. त्यातही अमेरिकेत वाऱ्याची एका मिनिटाची सरासरी धरतात, भारतात तीन मिनिटांची, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळवायला जाऊ नये.

लिहिताना 'कॅट्रिना चक्रीवादळ' किंवा 'कॅट्रिना हरिकेन', दोन्ही मला चालतात. 'हरिकेन चक्रीवादळ' ही द्विरुक्ती नको. बातम्यांत 'हरिकेन-फोर्स' वाऱ्यांचे 'चक्रीवादळी वारे' करतात, तेही फसवं. ती बोफोर्ट मापनश्रेणीतली १२ वी पायरी आहे, निव्वळ वेग सांगणारी. उत्तर अटलांटिकच्या हिवाळी वादळांतही असे वारे सुटतात. आणि टोर्नेडोला चक्रीवादळ म्हणू नये. तो गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा भोवरा असतो, रुंदी बहुतेकदा काहीशे मीटर आणि आयुष्य काही मिनिटांचं. हरिकेन शेकडो किलोमीटर पसरतं आणि कित्येक दिवस टिकतं. टोर्नेडोला सर्वमान्य मराठी प्रतिशब्द रुळेपर्यंत 'टोर्नेडो'च लिहावं.