करारात कंपनीचं नाव चुकलं, तर इंग्लंडमध्ये तो करार बाद होतो का?

नुसत्या नावाच्या चुकीनं नाही. चूक उघड असेल आणि तिथं कोणतं नाव हवं होतं हेही स्पष्ट असेल, तर कोर्ट करार दुरुस्त करूनच वाचतं. 'लिमिटेड' गळलं किंवा जुनं नाव पडलं, तर सहसा काही बिघडत नाही.

खरी गोची होते ती चुकून लिहिलेल्या नावाची कंपनी खरोखर अस्तित्वात असली की. लिबर्टी मर्सियन विरुद्ध कडी (2013) या खटल्यात करारात समूहातल्या एका निष्क्रिय कंपनीचं नाव होतं. तिच्या जागी दुसरी धरायला कोर्टानं नकार दिला. रेक्टिफिकेशन, म्हणजे करारातला मजकूरच कोर्टाकडून दुरुस्त करून घेणं, मागता येतं, पण त्याला भक्कम पुरावा लागतो. त्यापेक्षा सहीआधी कंपनीज हाउसवर (तिथल्या सरकारी कंपनी नोंदणीत) पाहून नोंदणी क्रमांकच करारात घाला. नाव बदललं तरी तो तोच राहतो.