चित्रकादंबरी हे खरे वाचन आहे का?

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी निव्वळ मजकुराची पुस्तके टाळते, मात्र जादूच्या दुनियेतल्या चित्रकादंबऱ्या तासन्‌तास वाचते. याला वाचन म्हणावे का?

उत्तर : निःसंशय म्हणावे. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत काय घडले असेल, हे वाचकाला स्वतःच जुळवावे लागते आणि हे काम हलके नसते. अक्षरांशी अडखळणाऱ्या मुलाला चित्रांचा आधार मिळतो, तरीही कथा त्याच्या वयाचीच राहते. (अशा मुलांच्या हाती बाळबोध गोष्टी देणे मला अपमानास्पद वाटते.)

अपंगत्वासारखा विषयही चित्रकादंबरी जवळून दाखवते. शिक्षण मुलाच्या गरजांनुसार बदलावे, ही सालामांका जाहीरनाम्याची (विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीचा १९९४चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा) भूमिका अभ्यासग्रंथ विस्ताराने समजावतात. पण श्रवणयंत्र लावून वर्गात बसण्याचा अनुभव सीसी बेल यांच्या ‘एल डेफो’ (२०१४) या आत्मकथनपर चित्रकादंबरीत थेट भिडतो, कारण तिथे सशाच्या रूपातल्या नायिकेला ऐकू न आलेले शब्द संवादाच्या फुग्यांत पुसट होतात, कधी फुगा रिकामाच राहतो. जादूच्या गोष्टीत एखादे पात्र अपंग असेल, तर निवड करताना एवढेच पाहावे, की त्याचे अपंगत्व शेवटी जादूने ‘बरे’ करून टाकलेले नाही ना. तसे असल्यास त्याविषयी मुलीशी जरूर बोलावे.