रॅम वाढवू का? आधी मशीन कुठे अडतंय ते बघा

प्रश्न: नमस्कार सर, आमच्याकडे २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेलचा आय३, चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, ती त्यावर टॅली शिकते, मिस्टर सोसायटीचे हिशोब एक्सेलमध्ये करतात आणि मी मराठी टायपिंगची कामं घेते. सकाळी चालू केला की चहा होऊन पिऊन होतो तरी क्लिक घेत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो ४ ची १२ करा, मशीन पळेल. मिस्टर म्हणतात नवाच घेऊ. काय करू? (एक वाचक, चिपळूण)

ताई, तुमच्या पत्रातलं ते चहाचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मशीन चालू होतानाच रखडतंय, का चालू झाल्यावर चार गोष्टी एकदम उघडल्या की रखडतंय, ह्यावर सगळं ठरतं आणि हेच कुणी विचारत नाही, थेट रॅम टाका म्हणून सांगतात. रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, आणि हार्ड डिस्क म्हणजे कायमची साठवण, हा फरक लक्षात ठेवा.

उद्या सकाळी एवढं करा. मशीन चालू करा, काहीही उघडू नका, आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, खाली मोअर डिटेल्स दिसलं तर त्यावर क्लिक करा म्हणजे सीपीयू, मेमरी, डिस्क असे कॉलम येतील. मेमरी ५०-६० टक्के आणि डिस्क १०० टक्के असं पाच-दहा मिनिटं दिसत राहिलं तर दोष हार्ड डिस्कचा, रॅम कितीही टाका, फरक पडणार नाही. मग दुपारी तुमची नेहमीची कामं सगळी एकदम उघडा, क्रोममध्ये दहा-बारा टॅब, एक्सेल, टॅली, टायपिंगची फाइल, आणि परत बघा. आता मेमरी ९० च्या वर गेली आणि एका खिडकीतून दुसरीत जाताना डिस्क परत १०० ला टेकली, तर मात्र रॅम खरंच कमी पडतेय. अजून खात्री हवी असेल तर रिसोर्स मॉनिटर (स्टार्टमध्ये नाव टाकून शोधा) उघडून मेमरीच्या टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्सचा आलेख बघा, काम करताना तो सतत वर राहत असेल तर विंडोज रॅममध्ये न मावलेला माल हार्ड डिस्कवरून आणतंय. हार्ड डिस्कचं हेड जागा बदलायला दर वेळी साधारण १० मिलिसेकंद घेतं, म्हणजे सेकंदाला शंभरएक फेऱ्या, त्यात काय काय उरकणार.

एक सांगतो, मेमरी ६०-७० टक्के वापरलेली दिसली म्हणून घाबरायचं नाही. उरलेल्या मोकळ्या रॅममध्येही विंडोज फायली साठवून ठेवतं, ती जागा ह्या टक्क्यांत धरत नाही आणि गरज पडली की सोडतं. रॅम रिकामी पडून राहण्यात आपला काही फायदा नाही.

हे एवढं कळकळीनं सांगतोय कारण माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी अगदी हेच झालं. तिने शिवणकामाच्या पैशातून साठवून ८ जीबी रॅम टाकून घेतली, दुकानदाराने प्रॉपर्टीजमध्ये १२ जीबी दाखवलं आणि ती खूश होऊन घरी आली, पण मशीन होतं तिथेच. मी गेलो तेव्हा टास्क मॅनेजर उघडून तिला दाखवला, मेमरी २७ टक्के, डिस्क १००. ती काही बोलली नाही, नुसती त्या आकड्याकडे बघत बसली, मला फार वाईट वाटलं. नंतर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली तेव्हा तेच मशीन अर्ध्या मिनिटात उघडायला लागलं.

आता तुमच्या मशीनबद्दल. पहिलं, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट, तिथे ६४ बिट लिहिलंय का ३२ ते बघा. ४ जीबीच्या मशीनवर पुष्कळ ठिकाणी ३२ बिट विंडोज टाकून दिलेलं असतं आणि ते ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, मग १२ करून काय उपयोग? दुसरं, २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा (हार्ड डिस्कसारख्याच केबलला लागणारी) एसएसडी बसवा, विंडोज ६४ बिट त्यावर नव्याने टाका, जुनी डिस्क फोटोंसाठी आतच राहू द्या. पण त्याआधी सोसायटीचे हिशोब आणि टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या, हे विसरू नका. मग आठ दिवस वापरून बघा. वर सांगितलेल्या दुपारच्या तपासणीत मेमरी तरीही ९० च्या वर जात असेल तर आणखी एकच ४ जीबीची रॅमची पट्टी टाका, एकूण ८ तुमच्या कामाला भरपूर झाली, १२ ची गरज मला दिसत नाही.

पट्टी घेताना डीडीआर३ ह्या प्रकारचीच मागा, चौथ्या जनरेशनला तीच चालते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही, जोर करू नका. चालू भावाचंही सांगतो, २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅम जगभर महागलीय कारण सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन ह्या मोठ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटासेंटरकडे वळलाय, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीही चढल्यात, तरी तुमच्या मशीनला पैसा पहिल्यांदा तिथेच घाला. जुन्या ऑफिस मशीनमधून काढलेली डीडीआर३ पट्टी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळते, तपासून, बदलून देण्याच्या बोलीवर घ्या.

आणि मिस्टरांचंही चूक नाही. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते, तुमची चौथी. म्हणून ह्या मशीनवर फार पैसा घालू नका आणि बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. टॅली विंडोजवरच चालतं म्हणून मुलीचं शिकणं होईपर्यंत हे ठेवा, मग नव्याचं बघा.

प्रश्न: लॅपटॉपला ८ जीबी आहे, इंजिनिअरिंगला अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) वापरतो, एम्युलेटर (स्क्रीनवर चालणारा नकली फोन) लावला की सगळं गोठतं. एसएसडी आधीपासून आहे. (विद्यार्थी, नाशिक)

मित्रा, तुझं उत्तर हो. एसएसडी असून एम्युलेटर लावल्यावरच गोठतंय म्हणजे ८ पुरत नाहीये, १६ कर. फक्त आधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर जा, तिथे स्लॉट्स यूज्ड लिहिलेलं असतं, आणि तुझ्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघ, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपना एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी) रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि ती वाढवता येत नाही. दुसरा स्लॉट मोकळा असेल तर आहे त्याच साइजची आणि स्पीडची पट्टी लाव. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही फायदा होतो, ते बिचारं रॅममधूनच जागा उसनी घेतं.

प्रश्न: रॅम टाकून आणली, दोन महिने नीट चालली, पावसात नुसता बीप बीप आवाज, स्क्रीन काळी. पट्टी गेली का? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

गुरुजी, लगेच गेली समजू नका, आपल्याकडच्या दमट हवेत हे नेहमी होतं, पट्टीच्या सोनेरी दातांवर थर बसतो. प्लग काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरा, दोन्ही बाजूंच्या कड्या उघडून पट्टी काढा. शाळेत मुलं वापरतात तो साधा पांढरा खोडरबर घेऊन दात हलक्या हाताने पुसा, वरून खाली, आडवं घासू नका, आणि भुगा मऊ ब्रशने झटकून टाका, स्लॉटमध्ये पडता कामा नये. मग खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, कड्या आपोआप टक् करून लागल्या पाहिजेत. चालू झालं तर रात्री विंडोज मेमरी डायग्नोस्टिक (विंडोजमधलीच रॅम तपासणी) लावून ठेवा, त्यात एरर आली तर मात्र पट्टी आणि बिल घेऊन दुकानात जा.