होरट्टी पक्ष बदलूनही परत सभापती कसे झाले?

तुम्ही विचारलंय की बसवराज होरट्टी जेडीएसचे (जनता दल सेक्युलर) असून कर्नाटक विधान परिषदेचे सभापती होते, मग भाजपात जाऊन परत त्याच खुर्चीवर कसे बसले, पक्ष बदलला की आमदारकी घालवणारा पक्षांतरबंदी कायदा लागला नाही का. मी बेळगावचा, हे राजकारण जवळून बघतोय म्हणून लिहितो.

कायदा लागला नाही कारण त्यांनी आमदारकीच सोडली. मे २०२२ मध्ये राजीनामा दिला, भाजपात गेले, जूनमध्ये त्याच पश्चिम शिक्षक मतदारसंघातून निवडून आले आणि डिसेंबरात इथंच आमच्या बेळगावच्या सुवर्णसौधात (विधानभवनात) अधिवेशन चालू असताना बिनविरोध सभापती झाले. तशी मुदतही संपतच आली होती म्हणा.

खरं मुळातली गोष्ट वेगळीच हाय. हा माणूस हुबळीत पीटीचे मास्तर होता आणि १९८० पासून सलग आठ वेळा विधान परिषदेवर गेलाय, आणि त्यांचे मतदार कोण तर फक्त शिक्षक, तेपण हायस्कूल आणि त्याच्या वरचे, प्राथमिकच्या मास्तरांना मतच नाही. धारवाड, गदग, हावेरी आणि कारवार जिल्हा, म्हणजे हल्याळकडचे आपले मराठी मास्तरसुद्धा त्यात आले (बेळगावचे नाहीत, आमचा वायव्य मतदारसंघ). आता शाळेचं अनुदान अडकलंय, पगाराची फाईल बेंगळूरात पडून हाय, असल्या वेळी मास्तर चिन्ह बघत बसत नाहीत, आपलं काम कोण करतो ते बघतात. म्हणून पक्ष बदलला तरी मतं हलली नाहीत.

आणि भाजपशी जवळीक काय एका रात्रीत झालेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये भाजप आणि जेडीएस मिळून काँग्रेसच्या सभापतींना हटवायला बघत होते, त्या गोंधळात परिषदेत जेडीएसचे उपसभापती धर्मेगौडांना खुर्चीवरून ओढून खाली काढलं होतं, टीव्हीवर बघताना लाज वाटली होती. त्यानंतर काँग्रेसचे सभापती प्रतापचंद्र शेट्टी पद सोडून गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये होरट्टी जेडीएसचे असूनही भाजपच्या पाठिंब्यावर सभापती झाले.

माझं मत विचाराल तर आमदारकी सोडून परत मतं मागायला गेले हे चांगलं केलं, बाकीचे तेवढंही करत नाहीत. खरं सभापतीच्या खुर्चीवरून उठून महिन्याभरात एका पक्षाचा उमेदवार व्हायचं आणि वर्ष संपायच्या आत परत त्याच खुर्चीवर बसून सगळ्यांना सारखा न्याय द्यायचा, हे मला पटत नाही. निदान पुढची एक टर्म तरी ते पद दुसऱ्याला द्यायला पाहिजे होतं.