इस्लामी कायद्यात बाईला नेमके कोणते हक्क आहेत? निकाहनाम्यावर सही करण्याआधीचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातल्या मुस्लिम मैत्रिणीचं लग्न ठरलंय. ती म्हणते इस्लामने बाईला चौदाशे वर्षांपूर्वीच हक्क दिलेत. तुम्ही बातम्यांत कायम उलटंच ऐकत आलात. मग खरं काय, आणि तिला काही सांगायचं झालं तर काय सांगावं?

मैत्रीण खोटं बोलत नाही. तुम्ही ऐकलेलंही खोटं नाही. मी कोकणी मुसलमान घरातली, मुंबईतच वाढलेली, आणि वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. रोज जे बघते त्यावरून माझं मत ठाम झालंय. शरियतमध्ये बाईच्या बाजूचं जे आहे ते आपला समाज तिला सांगतच नाही, आणि तिच्या विरुद्ध जे आहे ते मात्र कुणी विसरत नाही. शिवाय काही नियम मुळातच असमान आहेत. कितीही प्रेमाने वाचले तरी ते असमानच राहतात, हे मी मुसलमान म्हणूनच म्हणते.

आधी निकाहनामा, कारण तुमच्या मैत्रिणीला सगळ्यात जास्त उपयोग त्याचा आहे.

निकाह हा करार आहे. मुलीच्या होकाराशिवाय तो होत नाही. म्हणून तर वकील (इथे अर्थ मुलीच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी) आणि दोन साक्षीदार आत बायकांच्या खोलीत येऊन तिची इजाजत घेतात. करार म्हटला की अटी आल्या, आणि अटी घालायचा हक्क दोघांनाही आहे. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक निकाहनामे उर्दूत असतात. मुलगी मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. कागदावर काय लिहिलंय हे तिला वाचता येत नाही आणि तेव्हा कुणी वाचूनही दाखवत नाही. मेहरच्या, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेच्या, जागी सातशे शहाऐंशी रुपये, नाहीतर असाच एखादा शुभ आकडा. तेही ‘उधार’, म्हणजे नंतर कधीतरी द्यायचे. अटींसाठी जागा असली तर तिच्यावर पेनाने एक आडवी रेघ. ही रेघ कुणी मारली असं विचारलं की घरातल्या कुणालाच आठवत नाही. हॉलचं भाडं, बिर्याणीच्या देगा आणि फोटोवाल्याचे पैसे मात्र तोंडपाठ असतात.

त्या जागेत बरंच काही लिहिता येतं. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर तलाकचा अधिकार बायकोकडे जाईल, असं लिहिता येतं. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात, फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, जुन्या ग्रंथांत तो आहे आणि आपली न्यायालयंही तो मानतात. तिची नोकरी चालू राहील, तिचा पगार तिचाच राहील, हेही लिहिता येतं. पाकिस्तानातल्या छापील निकाहनाम्यात तर १८ वा रकाना खास यासाठीच आहे: नवऱ्याने बायकोला तलाकचा अधिकार दिला आहे का? तिथेही त्यावर अनेकदा रेघच पडते. म्हणजे हा रोग फक्त आपल्याकडचा नाही.

मेहर ही मुलीला मिळणारी रक्कम आहे, मुलीच्या बापाने द्यायची नाही. कुराणच्या चौथ्या सूऱ्यात (अध्यायात) ती बायकांना राजीखुशीने द्या असं स्पष्ट सांगितलंय. त्याच घरात हुंडा घेतला जातो आणि मेहर उधार ठेवली जाते, याची मला मनापासून चीड येते.

आता तलाक. इथे मी काही झाकणार नाही. पारंपरिक कायद्यात नवरा एकतर्फी तलाक देऊ शकतो. बायकोला मात्र खुला, म्हणजे तिच्या बाजूने घटस्फोट, मागावा लागतो आणि बहुतेक उलेमा (धर्मपंडित) म्हणतात की त्यालाही नवऱ्याची संमती हवी. मी बघितलेल्या प्रकरणांत खुला म्हणजे सौदा होऊन बसतो: मेहर सोड, दागिने सोड, मुलांचा खर्च मागू नकोस, मग सही करतो. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, खुल्याची जी मूळ गोष्ट आहे तिच्यात असं काही नाही. साबित बिन कैस यांची बायको पैगंबरांकडे आली. नवऱ्याच्या वागण्यात खोट नाही, पण मला त्याच्याबरोबर राहायचं नाही, एवढंच म्हणाली. मेहरमध्ये मिळालेली बाग परत करशील का, असं तिला विचारलं, ती हो म्हणाली आणि मोकळी झाली. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हाच धागा धरून खुला हा बाईचा स्वतंत्र हक्क असल्याचं म्हटलं.

तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द केला, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने. २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. पण तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने द्यायचा एकतर्फी तलाक अजून आहे आणि दुसरी बायको करायची मुभाही आहे. बातम्यांमुळे अनेकींना वाटतं की सगळं बंद झालं. तसं नाही. फक्त मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००२ मध्ये म्हटलंय की नवऱ्याने नुसतं ‘तलाक दिला’ असं सांगून चालणार नाही. सबळ कारण, दोन्ही बाजूंचे मध्यस्थ, समेटाचा प्रयत्न, हे सगळं त्याने सिद्ध करायला हवं. ही मध्यस्थांची अट कुराणातलीच आहे.

‘शरियत बदलत नाही’ असं कुणी म्हणालं की मी १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा पुढे करते. सुन्नींमध्ये कायद्याची वेगवेगळी मतं आहेत, हनफी, शाफई, मालिकी वगैरे. आपल्याकडचे बहुसंख्य सुन्नी हनफी मताचे. त्या मतानुसार नवरा बेपत्ता झाला, पोसेनासा झाला, मारहाण करू लागला, तरी बाईला सुटायला जवळपास वाटच नव्हती. बेपत्ता नवऱ्यासाठी त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत थांबायचं, असा हिशोब. शेवटी पंजाबात बायका धर्म सोडल्याचं जाहीर करून लग्न मोडू लागल्या. उलेमा हादरले. मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कडव्या परंपरावादी आलिमाने मालिकी मताच्या विद्वानांकडून फतवे मागवले. मालिकी मतात बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मुदत आहे. तीच १९३९ च्या कायद्यात आली. त्यासोबत दोन वर्षं न पोसणं, क्रूरता, सात वर्षांची कैद अशी इतर कारणंही आली. त्याच कायद्यात हेही घातलं की नुसता धर्म सोडल्याने बाईचं लग्न मोडणार नाही, म्हणजे ती वाट बंद केली. पण मुद्दा कळला ना? बायकांनी दार ठोठावलं तेव्हा एका मतातून दुसऱ्या मतात जायची वाट त्याच आलिमांना सापडली. आज सापडत नाही, कारण शोधायची इच्छा नाही.

कोकणी मुसलमान शाफई आहेत, हनफी नाहीत. हनफी मतात सज्ञान मुलगी वलीशिवाय (पालकाशिवाय) स्वतः निकाह करू शकते, शाफई मतात वली लागतो. एकाच कुर्ल्यात दोन शेजारणींना दोन नियम. तेव्हा ‘इस्लामी कायदा असं म्हणतो’ हे वाक्य ऐकलं की आधी विचारावं, कुठलं मत?

वारसा हा सगळ्यात अवघड भाग. नवरा वारला, मागे बायको, एक मुलगा, दोन मुली आणि बत्तीस लाख रुपये. सुन्नी कायद्यानुसार बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे चार लाख. उरलेल्या अठ्ठावीस लाखांतले चौदा मुलाला आणि प्रत्येक मुलीला सात. मुलीला मुलाच्या निम्मं. यामागचं कारण असं सांगतात की घर चालवायची जबाबदारी पुरुषाची, मेहर त्याने द्यायची, बाईचा पैसा फक्त तिचा. हा हिशोब सातव्या शतकात मोठाच होता. त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी मुलीला ठरलेला, कुणाला कापता न येणारा हिस्सा होता. पण माझ्या अशिलांपैकी कितीतरी मुली आईबापाचा औषधपाणी करतात, घराचा हप्ता भरतात. त्यांना निम्मं का, या प्रश्नाला मला पटेल असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

आणि हे निम्मंसुद्धा मिळतं का? १८४७ साली याच मुंबईत खोजा आणि मेमन घरांतल्या मुली न्यायालयात गेल्या. कुराणाप्रमाणे आमचा हिस्सा द्या, एवढंच मागणं. न्यायमूर्ती पेरींनी निकाल दिला की या जमातींत मुलींना वारसा न देण्याची रूढी आहे आणि रूढीच चालेल. १९३७ च्या शरियत कायद्याने अशा रूढी बाजूला सारल्या, पण शेतजमीन त्यातून वगळली. आजही कोकणातल्या घराच्या, डोंगरीतल्या खोलीच्या कागदांवर बहिणींची हक्कसोडपत्रं असतात. भाऊ तोडेल, माहेर तुटेल, ही भीती. यात हिंदू-मुसलमान फरक मला फारसा दिसत नाही. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला, आणि हक्कसोडपत्रांच्या रांगा तिकडेही आहेत.

चौथ्या सूऱ्यातली ३४ वी आयतही लोक विचारतात. तिचा पारंपरिक अर्थ पुरुषाला बायकोवर अधिकार आणि शेवटी मारण्याची मुभा देतो. आजचे काही अभ्यासक वेगळा अर्थ लावतात, मलाही तोच पटतो. पण मार खाऊन आलेल्या बाईला मी तफसीर, म्हणजे कुराणाचं भाष्य, सांगत बसत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तिलाही लागू आहे, त्याचा अर्ज भरते.

पोटगीबद्दल लोकांच्या मनात अजून शहाबानोच अडकलीय. तिला पोटगी देणारा १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मग तो फिरवायला आणलेला १९८६ चा कायदा, एवढंच ठाऊक असतं. पुढचं कुणी सांगत नाही. इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर बाईने थांबायच्या, काळातच नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करायची, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने २००० मध्ये लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की फौजदारी प्रक्रिया संहितेखाली (तिच्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे) पोटगी मागण्याचा हक्क मुस्लिम घटस्फोटितेलाही आहे.

यातलं काहीही आयतं मिळालेलं नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. दलवाई आमच्याच कोकणातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. तोंडी तिहेरी तलाक बंद करा ही मागणी मान्य व्हायला ५१ वर्षं गेली. हाजी अलीच्या मजारपर्यंत (कबरीपर्यंत) बायकांना जाऊ द्या म्हणून भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१६ मध्ये जिंकल्या. त्यांनी याचिकेत कुराणही मांडलं आणि संविधानही. मला हाच रस्ता बरोबर वाटतो. बाईला धर्म सोड किंवा हक्क सोड असं सांगणारे दोन्हीकडचे लोक तिच्या काही कामाचे नाहीत.

तर मैत्रिणीला सांगा: निकाहच्या दिवशी नाही, निदान पंधरा दिवस आधी काझीसाहेबांकडून कोरा निकाहनामा मागून घे. उर्दू येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घे. मेहर तोळ्यांत लिहून घे, रुपयांची किंमत राहत नाही, आणि ‘नगद’ लिहिली असेल तर तेव्हाच हातात घे. तफवीजची अट वकिलाकडून नीट शब्दांत लिहून घे. होणारा नवरा या अटीवर कसा वागतो हेही त्यात कळेल. सही झालेली प्रत माहेरी ठेव आणि महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लग्नाची नोंदणी कर.

दोघांची तयारी असेल तर विशेष विवाह कायदाही आहे, १९५४ चा. नोटिशीचे तीस दिवस जातात, पण दुसरी बायको आणि एकतर्फी तलाक दोन्ही निकालात निघतात आणि वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, म्हणजे मुलगा-मुलगी समान. केरळातल्या एका मुस्लिम दांपत्याने मार्च २०२३ मध्ये, निकाहला बरीच वर्षं झाल्यावर, याच कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. त्यांना तीन मुली आहेत. एरवी बापाच्या मालमत्तेतला मुलींचा वाटा दोन तृतीयांशावर थांबला असता आणि उरलेल्यात काका वगैरे आले असते. निकाह मोडावा लागत नाही, तो आपल्या जागी राहतो.